पहिल्यांदा गटात चित्र काढायला येताना

रविवारी पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात चित्र काढायला येताय, मनापासून आनंद झाला! सामान थोडंच आणा: ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, दोन ब्रश, पाण्याची बाटली, जुनं फडकं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शेजाऱ्याच्या चित्राला हात लावू नका आणि त्यानं विचारल्याशिवाय चूक दाखवू नका. नवखे उत्साहाच्या भरात नेमकं हेच करतात आणि समोरच्याचा हात आखडतो. हे माझ्या मनाला फार लागतं. फोटोसुद्धा विचारूनच काढा.

- वेळेवर या. सावल्या तासाभरात सरकतात.
- रंगाचं पाणी दगडावर ओतू नका. लेणं आठव्या शतकातलं आहे.
- मागून घेतलेला ब्रश धुऊन परत द्या.

वॉश (पातळ रंगाचा सलग हात), रंगाचे थर वगैरे पुढच्या खेपेला बघू.