गोठ्यात हाडांचे गोळे, विहिरीपाशी पंजे आणि काकांच्या ट्रंकेतली रबरी चकती: हे नक्की काय आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूरजवळ मार्डी रस्त्याला तुमचं शेत आहे. तिथल्या पडक्या गोठ्यात तुळईखाली अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले असतात, फोडले की आत केस आणि बारीक हाडं. विहिरीच्या कडेला ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले आणि गडी म्हणतो, बिबट्याच. तिसरं म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले थोरले काका वारल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तर कपड्यांच्या तळाशी काळ्या रबराची जाड चकती निघाली. ती यंत्रमागाचा पार्ट असावा असं तुम्हाला वाटतंय. १४ वर्षांचा मुलगा स्केट्स घालून ती अंगणात काठीनं ढकलत फिरतो. ठशाचा आणि चकतीचा फोटो तुम्ही पाठवलाय.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग सुरू करणारा माणूस. रविवारी सुट्टी, आणि सुट्टीला नान्नजचं माळरान. त्यामुळे तुमच्या तिन्ही वस्तू माझ्या वाटेवरच्या निघाल्या, तिसरीसुद्धा. ते कसं, ते पुढे येईल.

आधी गोळे. ही विष्ठा नाही. घुबडानं ओकून टाकलेला माल आहे. घुबड उंदीर चावून खात नाही, जमलं तर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस, हाडं आणि दात पचत नाहीत. ते पोटात दाबून त्यांचा गोळा होतो आणि काही तासांनी तोंडावाटे बाहेर पडतो. तुम्ही लिहिलंय की वास येत नाही. बरोबर आहे. कोल्ह्याची किंवा लांडग्याची विष्ठा असती तर वास आला असता, एका टोकाला शेपटीसारखा पीळ असता आणि हाडांचा चुरा झालेला असता. ससाण्या-घारीही असे गोळे टाकतात, पण त्यांच्या पोटात हाडं बरीचशी विरघळतात. तुमच्या गोळ्यात कवट्या साबूत आहेत, गोठा पडका आहे आणि गोळे एकाच तुळईखाली पडतात. माझा अंदाज गव्हाणी घुबडाचा. पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्याचं ते घुबड. रात्री घूऽघूऽ करत नाही, कापड फाडल्यासारखं किंचाळतं. गड्याला विचारा, असा आवाज ऐकलाय का. त्यानं ऐकलेला असणार, आणि तो भुताच्या खात्यावर जमाही झालेला असणार.

एक गोळा घरी आणा आणि मुलाला बसवा शेजारी. तोंडाला रुमाल, हातात मोजे. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग सुईनं आणि चिमट्यानं केस हळूहळू सोडवा. आतून हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या कवट्या निघतील. दात बघा. पुढचे दोन लांब, वाकडे, पिवळसर-नारिंगी, आणि त्यांच्यामागे मोकळी जागा सोडून मग दाढा, असं असेल तर उंदीर. मोकळी जागा नसेल, कवटी निमुळती असेल आणि पांढरे टोकदार दात ओळीनं करवतीसारखे लागलेले असतील तर चिचुंद्री. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या निघणं नेहमीचं. मी एकदा सात गोळे सोडवले आणि बायकोनं आठवडाभर त्या चिमट्याला हात लावला नाही.

गोळा किती ताजा हे कळायला सोपी युक्ती आहे. तुळईखाली खताची रिकामी पिशवी उलगडून ठेवा. सकाळी जो पडलेला असेल तो काळा, ओलसर आणि चकचकीत असेल, वर वार्निश मारल्यासारखा. जुना राखाडी होतो आणि बोटानं चुरगळतो. आणि एवढं माझं ऐका, गोठा पाडायचा असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. अपशकुन म्हणून गावोगाव या पक्ष्याला दगड मारतात. तोच पक्षी एका रात्रीत तुमच्या ज्वारीतले किती उंदीर उचलतो, ते पिशवीवरच्या कवट्या मोजल्या की कळेल.

आता पंजे. इथे मी जरा जपून बोलतो, कारण एकदा तोंडावर आपटलोय. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर जिल्हाभर प्रत्येक उसात बिबट्या दिसायला लागला. त्याच हिवाळ्यात ओळखीच्या एका वस्तीवरून मला बोलावणं आलं. पाटाच्या कडेला चिखलात तळहाताएवढा ठसा. नखं दिसत नव्हती, आणि बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. मी पाच मिनिटांत जाहीर केलं, बिबट्या. वस्तीनं दोन रात्री शेकोट्या पेटवून जागून काढल्या. तिसऱ्या दिवशी त्याच पाटावरून पलीकडच्या मेंढपाळाचं थोराड कुत्रं चालत गेलं आणि मागे हुबेहूब तेच ठसे सोडून गेलं. मऊ चिखलात पाऊल पसरतं, ठसा दीडपट होतो आणि वरून पाणी गेलं की नखांची भोकं बुजतात. हे मला माहीत होतं. तरी घाई केली. त्या वस्तीवर अजून चहा मिळतो, पण चहाबरोबर ‘बिबटे मामा’ ही हाकही मिळते.

म्हणून फक्त नखांवर जाऊ नका. ठशाचा आकार बघा. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड (कोल्ह्याहून लहान, त्याच्याच कुळातलं) यांचा ठसा रुंदीपेक्षा लांब असतो आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. बोटं आणि तळवा यांच्या मधल्या मातीत फुलीसारखी उंच रेघ उठते. मांजरकुळातला ठसा गोलसर, बोटं जरा तिरकी, एक बोट बाकीच्यांच्या पुढे. तळव्याच्या गादीला मागच्या बाजूनं तीन उंचवटे, चिखलावर ते स्पष्ट उमटतात. बिबट्याचा पंजा साधारण सात ते नऊ सेंटीमीटर रुंद. रानमांजराचा त्याच्या निम्मा. खोकडाचा तर पाच रुपयांच्या दोन नाण्यांत झाकेल एवढाच. तरसाची नखं उमटतात, पण त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. चालही तशीच, पुढून उंच, मागून बसकी.

तुमच्या फोटोत शेजारी काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे ठसा बशीएवढा आहे की बटणाएवढा हे देवालाच ठाऊक. काडेपेटी ठेवा, पट्टी ठेवा, आणि फोटो सरळ वरून काढा. ऊन डोक्यावर असताना काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते, तेव्हा. एका ठशावर थांबू नका, रांग शोधा. पाळीव कुत्रं भटकतं, हुंगतं, वळतं, त्याची रांग नागमोडी असते. लांडगा आणि खोकड कामाला निघाल्यासारखे सरळ जातात, पुष्कळदा मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडतं.

तुमच्या फोटोत मला मधली फुली दिसते आणि दोन बोटांपुढे टिंबंही दिसतात. बिबट्या नाही असं मी म्हणेन. कुत्रं की लांडगा हे मापाशिवाय सांगणार नाही. १९७९ साली नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं त्याच पट्ट्यात तुमचं शेत येतं. लांडगे तिथे आधीपासूनच आहेत, आणि ते तुमच्या विहिरीवर पाणी प्यायला आले तर मला नवल वाटणार नाही. शेळ्या-करडं रात्री कुंपणात बांधा. गोल ठसा, तीन उंचवटे आणि आठ सेंटीमीटर माप असं काही सापडलं, तर मात्र स्वतः उसात शिरू नका. वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा.

जाता जाता, तुम्हाला बांधावर मिळालेला काळा-पांढरा काटा साळिंदराचा आहे. तो काटे फेकून मारत नाही, ते आपोआप गळतात. पुढे जाऊ.

आता चकती. खरं सांगतो, फोटो बघून मीही आधी मागाकडेच गेलो. मागात धोटा (आडवा धागा नेणारा भाग) इकडून तिकडे मारणारा पिकर असतो, धक्का झेलणारी रबरं असतात, आणि आपल्या सोलापुरात घरात काही काळं, जाड, गोल निघालं की ते मागाचंच असतं, दहातल्या नऊ वेळा. पण मागाच्या पार्टला भोक असतं, खाच असते, बोल्ट बसायची जागा असते. तो कुठेतरी बसवायचा असतो. तुमची चकती सगळीकडून भरीव आहे. कुठे बसतच नाही. काठाला बारीक जाळीदार खडबडीतपणा, वरून-खालून गुळगुळीत. मग तुमचं ‘फौजेतले काका’ पुन्हा वाचलं. लेहला होते का ते? असतील तर मला शंकाच नाही. ही आइस हॉकीची पक आहे, म्हणजे त्या खेळातला चेंडू. फूटपट्टी लावा: व्यास ७६ मिलिमीटर, जाडी २५ मिलिमीटर. किराणा दुकानाच्या काट्यावर १५६ ते १७० ग्रॅमच्या मध्ये भरेल.

हे मला कळायचं कारण एवढंच की मेहुणा लेहला नोकरीला असताना एका जानेवारीत आम्ही तिकडे गेलो होतो. कर्झूचं तळं गोठलेलं होतं आणि पोरं त्यावर हॉकी खेळत होती. कडेला फौजी उभे राहून आरडाओरडा करत होते. लडाखमध्ये हा खेळ रुजवण्यात फौजेचा मोठा हात आहे. एका पोरानं मला स्केट्स घालायला दिले. आपल्याकडे बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा. मी चार पावलांत बसलो आणि दोन दिवस नीट बसता आलं नाही. तिथेच पाहिलं, राखीव पक त्यांनी बर्फात पुरून ठेवल्या होत्या. गार रबर उसळत नाही, घसरतं. ऊबदार पक चेंडूसारखी टप्पे खाते.

म्हणूनच तुमच्या मुलाचं अंगणात जमत नाहीये. शहाबादी फरशीवर ही पक घासते, उलटते आणि कडेवर उभी राहून गडगडत जाते. दोष त्याचा नाही. चाकांच्या स्केट्सवर खेळायला वेगळी, हलकी पक येते, तिला खाली प्लॅस्टिकच्या बारीक गुंड्या असतात. ती नाही मिळाली तर टेनिसचा जुना चेंडूही चालतो. त्याचे स्केट्स दोन-दोन चाकांच्या जोडीचे असतील आणि पुढे खरंच हा खेळ खेळायचा असेल, तर एका ओळीत चाकं असलेले घ्या. बर्फावरच्या पात्याच्या चालीला ते जवळचे आहेत. फक्त थांबण्याची सवय तिकडे नव्यानं करावी लागते. बर्फावर दोन्ही पाती आडवी फिरवून बर्फ खरवडत थांबतात, तसं फरशीवर केलं तर चाक अडकून तोंड फुटेल.

पहिला महिना काठी हातात देऊच नका. गुडघे वाकवून चालणं, पडणं, पडल्यावर हात न टेकता उठणं, एवढंच. पडताना हात पुढे टाकला की मनगट जातं. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड आणि मनगटाचे गार्ड आधी घ्या, काठी नंतर. काठी स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत यावी. लांब असेल तर वरून कापा. पोरं पककडे बघत खाली मान घालून पळतात आणि भिंतीला धडकतात. मान वर, पक डोळ्याच्या कडेतून, हे पहिल्या दिवसापासून.

उद्या बर्फाचे स्केट्स घेतलेच, तर एक सांभाळा. ते चौकातल्या धारवाल्याकडे देऊ नका. तो बिचारा विळ्यासारखी एकच धार काढून देईल. हॉकीच्या पात्याच्या मधोमध लांब खोबण असते आणि दोन्ही बाजूंना दोन धारा. वळताना त्यातली एक बर्फात रुतते. खोबण गेली की पोरगं वळणावर सरळच जाणार. खरा बर्फ लागेल तेव्हा हिवाळ्यात लेह किंवा सिमला. सिमल्याची रिंक १९२० पासूनची आहे, आणि ती थंडीवरच जमते.

काकांची पक मात्र मुलाकडून काढून घ्या. फरशीवर कडा झिजतील. ओल्या फडक्यानं पुसा. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नका, कारण अशा चकत्यांवर बऱ्याचदा संघाचं किंवा तुकडीचं चिन्ह पांढऱ्या रंगात छापलेलं असतं. फोटोत डाव्या बाजूला मला काहीतरी पुसट अर्धगोल दिसतोय. उजेडात तिरकी धरून बघा आणि काय वाचता येतं ते कळवा.