दहा वर्षं भरली नाहीत, तरी पेन्शन?

प्रश्न : माझे यजमान काजूच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. सहा वर्षं पीएफ कापला जातोय. यंदा मे महिन्यात, रविवारी, घरचा आंबा उतरवताना झाडावरून पडले. कण्याला मार लागला, कमरेखाली ताकद राहिलेली नाही. वय 44. मालक म्हणतात, राजीनामा द्या, म्हणजे पीएफ आणि पेन्शनचे सगळे पैसे एकदम काढता येतील. वाडीतले म्हणतात, दहा वर्षं झाल्याशिवाय पेन्शन नसतेच, शिवाय अपघात कारखान्यात झालेला नाही. सही करावी का?
– एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, राजीनाम्यावर आणि पेन्शनचे पैसे काढण्याच्या 10-सी फॉर्मवर इतक्यात सही करू देऊ नका.

वाडीतले म्हणतात तो दहा वर्षांचा नियम आहे, पण तो वयाच्या 58व्या वर्षी मिळणाऱ्या पेन्शनचा. 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेत अपंगत्वाची पेन्शन वेगळी आहे. तिला दहा वर्षांची अट नाही. निदान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली की पुरे. अपघात कारखान्यातच व्हायला हवा, असंही नाही. माणूस नोकरीत असताना कायमचा असमर्थ झाला, एवढंच पाहतात. म्हणूनच राजीनाम्याची घाई नको. तारीख मागेपुढे झाली की अपंगत्व नोकरीत असताना आलं की नंतर, यावर कागद अडतो.

10-सी म्हणजे पेन्शनखात्यातली रक्कम मोडून घेण्याचा फॉर्म. ती एकदा घेतली की महिन्याच्या पेन्शनचा हक्क तिथेच संपला. तुम्हाला हवा तो 10-डी, म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा अर्ज. औषधपाण्याला पैसे लागत असतील, आणि लागत असणारच, तर 31 नंबरच्या फॉर्मवर पीएफमधून आगाऊ रक्कम घ्या. पीएफ आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत. तुमच्या यजमानांच्या पगारातून कापलेले 12 टक्के पीएफमध्ये जातात. पेन्शनमध्ये जातात ते मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के. पेन्शनला हात न लावता पीएफचे पैसे मिळतात.

10-डी भरल्यावर डॉक्टरी तपासणी होते. तिथे पाहतात ते हे, की पडले तेव्हा ज्या नोकरीत होते तिथलं काम हा माणूस आता कधीच करू शकणार नाही का. तेव्हा अर्जात ‘पाय अधू’ एवढंच लिहून सोडू नका. काजूबियांची पोती उचलायची, वाफेपाशी तासन्‌तास उभं राहायचं, बॉयलरभोवती चढउतार करायची, असं काम फोडून लिहा आणि मालकाकडून तसं पत्र घ्या. राजीनाम्याचा सल्ला ते वाईट हेतूने देतायत असं मला वाटत नाही. लहान कारखान्यांत 10-डी कुणी भरलेलाच नसतो. सहा वर्षांवर रक्कम मोठी बसणार नाही, पण ही पेन्शन महिन्याला 1000 रुपयांच्या खाली येत नाही आणि आयुष्यभर चालते.

आता तहसीलमधून मिळणारी महिन्याची सरकारी मदत, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान. तहसीलच्या त्या शाखेत माझी नोकरी झाली, म्हणून बजावून सांगतो: इथे बॉयलर वगैरे कुणी विचारत नाही. दाखल्यावर किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. 38 टक्केवाला माणूस टेबलापुढे रडला तरी कारकुनाला काही करता येत नाही. दाखला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून घ्या. निघण्याआधी तपासणीचा वार फोनवर विचारा, नाहीतर एसटीचं भाडं आणि रुग्णाचे हाल दोन्ही फुकट. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे. तुम्ही काजू सोलायला जात असाल तर ती मजुरीही त्यात धरतात. ऑक्टोबर 2025पासून दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये मिळतात. मात्र पीएफची पेन्शन लागणार असेल तर ते तहसीलला आधीच सांगा, दोन्ही जमतील का ते विचारा. लपवलेलं पडताळणीत निघतं आणि मग वसुलीची नोटीस येते.

दहा वर्षं भरणार नाहीत म्हणून तहसीलचंच बघू, पीएफचं राहू दे, असं करू नका. एकीकडे टक्के पाहतात, दुसरीकडे काम. एका ठिकाणी नापास झालेला माणूस दुसऱ्या ठिकाणी पास होऊ शकतो.

आणि अर्जाआधी आधार, पीएफ आणि बँक या तिन्ही ठिकाणची जन्मतारीख जुळवून बघा. आपल्याकडे गुरुजींच्या कृपेने निम्मी वाडी 1 जूनला जन्मलेली असते, आणि आधारवर भलतंच काही. असा फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, मगच 10-डी द्या.