मोटरहोमचा एसी: गॅस भरण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: आमच्या मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावरील एसी सुरू केल्यावर तासभर हवा चांगली गार येते, त्यानंतर झोत मंदावत जातो आणि शेवटी जवळजवळ थांबतो. लांब एक्स्टेन्शन केबलवर वीज घेतली असता कधीकधी कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो व बंद पडतो. मेकॅनिकच्या मते गॅस कमी झाला आहे. गॅस भरून घ्यावा का?

उत्तर: इतक्यात नको. गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. शिवाय छतावर बसणाऱ्या बहुतेक एसींची गॅसची यंत्रणा घरच्या फ्रीजप्रमाणे कारखान्यातच कायमची बंद केलेली असते आणि तिला गॅस भरण्याचा व्हॉल्व्हही नसतो. आपण सांगितलेली दोन लक्षणे दोन वेगळ्या बिघाडांची दिसतात, म्हणून ती स्वतंत्रपणे पाहू.

झोत हळूहळू मंदावणे म्हणजे बहुधा आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ जमणे. कॉइलवरून पुरेशी हवा फिरली नाही की तिचे तापमान शून्याखाली जाते, हवेतील बाष्प तिच्यावर गोठते, त्या बर्फामुळे हवेचा मार्ग आणखी अरुंद होतो आणि बर्फ अधिकच वेगाने वाढतो. अशा वेळी थंडावा बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा. बर्फ वितळून झोत पूर्ववत झाला, तर निदान बरोबर आहे असे समजावे. मग फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा, पंख्याचा वेग वाढवावा आणि दमट हवेत थर्मोस्टॅट अगदी खालच्या अंकावर ठेवू नये. कॉइलच्या पात्यांमध्ये खोचलेला तापमान संवेदक जागेवरून निसटला असेल, तर बर्फ जमू लागल्याचे एसीला कळतच नाही आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो, तोही पाहावा.

याच वेळी छताच्या आतील झाकण काढून गार हवा बाहेर सोडणारा कप्पा आणि खोलीतील हवा परत ओढणारा कप्पा यांच्यामधली भिंत तपासावी. तिला फट असेल तर गार हवा खोलीत न येता थेट परतीच्या मार्गाने कॉइलकडे वळते, त्यामुळे खोली तापलेलीच राहते आणि कॉइल मात्र गोठते. अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने ती फट बुजवता येते. माझ्या मते हा सर्वाधिक दुर्लक्षित दोष आहे, कारण यंत्र उघडून पाहणारे सगळे वर छतावर चढतात. चढलात तर बाहेरच्या कॉइलमधील धूळ मात्र जरूर काढावी.

एसी पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर आत ओढली जाणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानांतील फरक मोजावा. तो साधारण 8 ते 12 अंश सेल्सिअस असेल तर गॅस ठीक आहे. मग खोली गार न होण्याचे कारण ऊन, काचा किंवा उघडी फट यांत शोधावे. सर्व स्वच्छ असूनही फरक फारच कमी राहिला, तरच गॅसविषयी शंका घ्यावी.

आता गुणगुणणे. चालू कॉम्प्रेसर जेवढा विद्युतप्रवाह घेतो त्याच्या कितीतरी पट तो सुरू होतानाच्या क्षणी मागतो. 25 मीटर लांबीच्या, 1.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलमधून 30 अँपिअर प्रवाह गेला, तर केबलमध्येच सुमारे 17 व्होल्टची घट होते. पुरवठा आधीच कमजोर असेल तर कॉम्प्रेसर हलतच नाही. म्हणून एसी सुरू होत असताना गाडीतल्या प्लगजवळच व्होल्टेज मोजावे, केबल जाड घ्यावी आणि रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल तापते. व्होल्टेज योग्य असूनही कॉम्प्रेसर गुणगुणत असेल तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणारा विजेचा भाग) निकामी झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो वीज तोडल्यानंतरही विद्युतभार धरून ठेवतो, त्यामुळे ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. बंद पडलेला एसी लगेच सुरू करू नये. दाब समतोल होण्यासाठी किमान तीन मिनिटे द्यावीत.

प्रश्न: एसीखालून छतातून पाणी ठिबकते. कडेने सिलिकॉन भरावे का?

उत्तर: भरू नये. कॉइलवर साचलेले पाणी एसीच्या तळातून छतावर वाहून जाणे अपेक्षित असते; कडा बुजवल्यास तेच पाणी आत उतरेल. फक्त पावसात ठिबकत असेल तर छताच्या छिद्राभोवतीचे गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) सैल झाले आहे, तेव्हा आतून बोल्ट थोडे थोडे, सर्व बाजूंनी सारखे आवळावेत. कोरड्या दिवशी एसी चालू असताना ठिबकत असेल तर तळातील निचऱ्याची छिद्रे साफ करावीत आणि गाडी समपातळीवर उभी आहे ना, तेही पाहावे.