जाळी दोन रोलचीच घ्या, पण त्याआधी ती पॉलिसी बघू

सांगोला तालुक्यातल्या एका दादांचं पत्र आलंय. वय ३४, घरात आई-वडील, बायको, दोन पोरं. पाच एकर जमीन, त्यात दोन एकर डाळिंब, आणि पावणेदोन वर्षांपूर्वी बँकेचं ५ लाख कर्ज काढून ४० उस्मानाबादी शेळ्या नि दोन बोकड घेतलेत. प्रश्न असा की उचलून नेता येणारी करंटची जाळी, ५० मीटरचा एक रोल असे सहा रोल आणि सोलर झटका मशीन, पोल-वायर-फिटिंग धरून १ लाख ३५ हजार, ही घ्यावी का २ लाख २५ हजारांचं पक्कं चेनलिंक कंपाउंड मारावं. पैसे सोनं तारण ठेवून उभे करायचेत. विकणाऱ्यानं सांगितलंय की जाळी आली की राखणीचा गडी लागत नाही, वर्षाला ८ लाख सुटतात.

दादा, जाळीचं सांगतो, पण शेवटी. कारण तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, "कर्ज देताना बँकेनं ६० हजारांची पॉलिसी काढायला लावली, ती एफडीसारखीच आहे, १२ वर्षं भरायचं, दुसरा हप्ता मिसेसच्या पाटल्या ठेवून भरला." तुम्ही हे जाता जाता लिहिलंय आणि पुढे परत जाळीवर गेलात. मी मात्र तिथंच अडकलो, पत्र खाली ठेवून आधी हिशोब मांडला.

पहिला हप्ता तर कर्जातूनच कापलाय. म्हणजे कागदावर कर्ज ५ लाख, हातात आले ४ लाख ४० हजार, आणि व्याज तुम्ही पूर्ण ५ लाखांवर साडेअकरा टक्क्यांनी भरताय. त्या ६० हजारांचं व्याजच वर्षाला ७ हजारांच्या घरात जातं. दुसरा हप्ता सोनेतारणावर, साडेदहा टक्क्यांनी. आणि हे महागडे पैसे जिथं गुंतवले ती पॉलिसी काय देते? तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात १२ वर्षं भरून विसाव्या वर्षी १३ लाख दिसतायत. भरणार ७ लाख २० हजार आणि मिळणार १३, ऐकायला जवळपास डबल वाटतं, पण वीस वर्षं लक्षात घेऊन परतावा काढला तर वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास पडतो. साडेदहा-साडेअकरानं पैसे उचलून चार टक्क्यांत टाकायचे, हा व्यवहार कुठल्याच शेतकऱ्याला कुणी सुचवू नये. एफडी तर ती अजिबात नाही. एफडी मोडली तर थोडं व्याज जातं, ही मोडली तर मुद्दलच कापून येतं.

बरं, विमा म्हणून तरी काय आहे? कव्हर ६ लाख. तुमचं कर्जच ५ लाखांचं होतं, घरात पाच माणसं तुमच्यावर अवलंबून, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ६ लाखांत बँक फिटेल आणि वहिनींच्या हातात काय राहील ते तुम्हीच बघा. याउलट तुमच्या वयाला ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स, जगलात तर काही मिळत नाही असा, बिडी-तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर साधारण ७ ते १० हजारांत बसतो. शिवाय प्रधानमंत्री जीवन ज्योती ४३६ रुपयांत २ लाख आणि सुरक्षा विमा २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर, हे दोन्ही त्याच बँकेत मिळतं, ते कुणी सांगितलं नाही कारण त्यात सांगणाऱ्याला फारसं काही सुटत नाही. कर्ज अडकलेल्या माणसाला पॉलिसी गळ्यात मारणं याची मला फार चीड येते. कर्जासाठी पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं, तशी सक्ती बँकेला करताही येत नाही. पण कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस हे भांडून सांगू शकत नाही, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो.

आता सोनं का गेलं ते बघा. तुम्ही स्वतः दिलेले आकडे आहेत: गेल्या वर्षी ५१ करडं विकली, ३ लाख १० हजार आले. चारा, खुराक, औषधं आणि अर्ध्या दिवसाचा गडी मिळून १ लाख ३५ हजार गेले. राहिले पावणेदोन लाख. बँकेचा हप्ता महिन्याला ११ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ३२ हजार. उरले ४३ हजार. आणि त्यातून भरायचे ६० हजार! डाळिंबावर घरखर्च चालायचा, यंदा तिथं तेल्या रोग आला, म्हणजे तिकडूनही टेकू नाही. पाटल्या शेळ्यांमुळे गेल्या नाहीत दादा, पॉलिसीमुळे गेल्या. शेळ्यांनी पहिल्याच वर्षी कर्जाचा हप्ता भरून वर ४३ हजार दिले, हे खरंतर चांगलं आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतो.

पण त्या ८ लाखांच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं काय ते एकदाच बोलून टाकू. त्यात ४० शेळ्या, वर्षात दोन वेत, दर वेताला दोन करडं, १६० करडं गुणिले ६ हजार असं धरलंय. शेळी पाच महिने गाभण राहते, मग दूध पाजते, मग परत लागते, त्यामुळे नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. उस्मानाबादी जुळं देते पण प्रत्येक वेळी प्रत्येक शेळी नाही. त्यात थोडी मर धरा, चार-दोन पाटी, म्हणजे मादी करडं, कळपात ठेवा, म्हणजे ५५-६० करडं विक्रीला हा चांगला आकडा झाला. तुम्ही ५१ वर आहात. तो १६० चा कागद फाडून टाका, त्याच्या भरवशावर एक रुपयाही उचलू नका.

तर पॉलिसीचं काय करायचं? फ्री-लूकचे, म्हणजे नको असेल तर पॉलिसी परत करायचे, ३० दिवस कधीच गेले. तिसरा हप्ता चार महिन्यांवर आलाय, म्हणून घाई आहे. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्या वेळेपासून नियम बदललेत आणि एक वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडल्यावर, काहीतरी परत द्यावंच लागतं, पूर्वीसारखं सगळं बुडत नाही. कंपनीकडून आजच्या तारखेचा सरेंडर आकडा लेखी मागा, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. समजा १ लाख २० हजार भरून ५५ हजारच हातात आले. ६५ हजारांचं नुकसान बघून पोटात गोळा येईल, मला कळतं. पण ते पैसे गेलेत, आता पुढचे दहा हप्ते म्हणजे ६ लाख कुठे घालायचे एवढाच प्रश्न आहे. तेच ५५ हजार आणि दरवर्षीचे ६० हजार सात टक्क्यांनी वाढले, पीपीएफ सध्या साधारण तेवढं देतं, तर त्याच विसाव्या वर्षी १७ लाखांच्या आसपास होतात. पॉलिसी चालू ठेवून १३. म्हणजे निम्म्याहून जास्त बुडवूनही तुम्ही चार लाखांनी वर राहता. आणि तुम्ही पीपीएफच्या आधी कर्ज फेडणार, तिथं तर साडेदहा टक्के वाचतायत, हिशोब आणखीच तुमच्या बाजूनं जातो.

क्रम मात्र पाळा. आधी टर्म प्लॅन हातात येऊ द्या, मेडिकल होऊन पॉलिसी आली की मगच जुनी सरेंडर करा. मधल्या काळात घर उघडं ठेवायचं नाही. आणि सरेंडरचा अर्ज देण्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टाका, की कर्जाची अट म्हणून पॉलिसी दिली, एफडी म्हणून सांगितली, हप्ता कर्जातून कापला. कर्ज मंजुरीचं पत्र आणि पॉलिसीचा अर्ज यांच्या तारखा शेजारी ठेवा, खातेउतारा जोडा, बँकेच्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर डिलीट करू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, त्याला फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण कर्जातून कापलेला हप्ता हा कागदावर दिसणारा पुरावा आहे, तुमची बाजू कमजोर नाही.

आलेल्या पैशातून पहिल्यांदा पाटल्या सोडवा. आणि परत सोनं ठेवायचं नाही, जाळीसाठी तर नाहीच. खुराक-औषधाला खेळतं भांडवल कमी पडत असेल तर पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) काढा, २ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत भरलं तर ४ टक्के पडतं. तुम्ही डाळिंबाचं केसीसी घेतलं असेल तर त्याच बँकेत विचारा.

अजून एक राहिलं. ज्या शेळ्या कर्ज फेडतायत त्यांचा विमा काढलेला नाही, "पैसे वाया जातात" असं लिहिलंय. ४० शेळ्या ८ हजारांनी धरल्या तरी ३ लाख २० हजारांचा माल गोठ्यात उभा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत पशुपालकाला हप्त्याच्या १५ टक्केच भरावे लागतात, म्हणजे तुमच्या कळपाला दोन-अडीच हजार. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सध्या कोटा चालू आहे का ते विचारा. नसेल तर पूर्ण हप्ता १४ हजारांच्या आसपास जाईल, तरी काढा, कानात बिल्ला मारून घ्या. पीपीआरची (शेळ्यांचा प्लेग) आणि पावसाआधीची आंत्रविषाराची लस चुकवू नका. पावसाळ्यात नऊ करडं गेली लिहिलंय, लस टोचली होती का ते लिहिलं नाही.

आता जाळी. पक्कं कंपाउंड नको, कारण तुम्ही काढणीनंतर शेजाऱ्यांच्या रानातही चारता, तिथं चेनलिंक उचलून नेता येत नाही. आपले मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या वाघर लावतात, संध्याकाळी रोवायची, सकाळी उचलायची, विचार तोच आहे. पण सहा रोल कशाला? दोन रोल म्हणजे १०० मीटर, चौकोन केला तर २५ बाय २५, सहा गुंठे. चार रोलचे पंचवीस गुंठे होतात. ४० शेळ्यांना दिवसाला सहा गुंठे चालतात, दुसऱ्या दिवशी पुढं सरकवा. तुमच्या कोटेशनमध्ये रोल १७ हजार आणि मशीन १८ हजार आहे, म्हणजे पोल-वायर-फिटिंग सोडून ५२ हजारांत काम होतं, आणि न भरलेल्या तिसऱ्या हप्त्यातून ते निघतं. गडी पूर्ण सुटणार नाही, जाळी हलवायला, व्होल्टेज बघायला माणूस लागतोच, वर्षाला ३० हजार वाचले तरी पुष्कळ. दोन वर्षांच्या आत जाळी फिटते. तेच १ लाख ३५ हजार सोन्यावर उचलले असते तर १४ हजार नुसतं व्याजात गेलं असतं, वाचलेल्याच्या निम्मं.

लावताना जपा. उन्हाळ्यात मुरमाची जमीन कोरडी पडते, अर्थिंग मिळत नाही, झटकाच बसत नाही, म्हणून अर्थिंगच्या सळया खोल ठोका आणि भोवती पाणी ओतत राहा. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट गळतो. शिंगवाला बोकड जाळीत अडकला तर झटके बसतच राहतात, मरूही शकतो, त्यामुळे पहिला आठवडा समोर उभं राहून सवय लावा. रात्री शेळ्या बंद शेडमध्येच, भटकी कुत्री आणि लांडगा या जाळीला जुमानतील यावर विसंबू नका. आणि मशीन बिघडलं म्हणून घरची लाइट थेट तारेला जोडायची नाही, एकदाही नाही. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, थेट लाइन माणूस मारते, शेजारच्याचं पोरगंही.

पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो असं तुमच्या उताऱ्यावर दिसतंय. टर्म प्लॅनचा अर्ज याच आठवड्यात टाका, आणि तो हातात आला की ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज शाखेत लेखी द्या, तारखेच्या किमान महिनाभर आधी, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. सरेंडरचा आकडा आला की मला कळवा.