रेषा गिरवू नकोस, पुन्हा काढ

प्रश्न : सर, मी कुपवाडला राहते, बारावी कॉमर्सला आहे. दोन वर्षं मोबाईलवर आयबिसपेंटमध्ये चित्रं काढते. कच्चं चित्र छान येतं, पण वरून पक्क्या रेषा मारून लाइन आर्ट केली की त्यातला जीव जातो. रंग भरले की अजूनच बिघडतं. मंडईत मेथी निवडणाऱ्या आजीचं कच्चं आणि पक्कं अशी दोन्ही चित्रं सोबत पाठवली आहेत. पप्पा आयपॅड घेऊन द्यायला तयार आहेत, पण म्हणाले, यात पुढे काही होईल का ते आधी सरांना विचार. माझं नाव देऊ नका.

उत्तर : नाव देत नाही, निश्चिंत राहा.

तुझी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. कच्च्या चित्रात आजीचा पदर डोक्यावरून खांद्यावर उतरतो, तिथे तीन-चार रेषा एकमेकींवर गेल्या आहेत. त्यातली एकही धड नाही, पण पदर पडलाय हे लगेच कळतं. पक्क्या चित्रात तिथेच एक काळीभोर, गुळगुळीत रेषा आहे. पदर कापडाचा होता, तो पत्र्याचा झाला. मेथीच्या जुडीचंही तेच. कच्च्यात नुसत्या फराट्यांनी पानं दिसत होती, पक्क्यात तू प्रत्येक पान वेगळं कोरलंस आणि जुडी हरवली.

असं का होतं? तू चित्र काढत नाहीस, गिरवतेस. कच्चं काढताना तुझं लक्ष आजीकडे होतं. वरून लाइन मारताना ते खालच्या रेषेकडे गेलं. त्यात झूम करून नाकाएवढा तुकडा स्क्रीनभर घेतेस, स्टॅबिलायझर पूर्ण वाढवतेस, आणि जरा चुकलं की अनडू. स्टॅबिलायझर हाताची थरथर काढतो हे खरं, पण सोबत हाताचा वेगही काढून टाकतो. बोटाने किंवा साध्या रबरी टोकाच्या पेनाने काढलं, तर दाब स्क्रीनला कळत नाही, म्हणून रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची येते.

उपाय फुकट आहे. कच्च्या चित्राची ओपॅसिटी इतकी उतरव की ते जेमतेम दिसेल. वर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घे, स्टॅबिलायझर कमी कर, आणि पूर्ण चित्र स्क्रीनवर दिसत असतानाच रेषा काढ. ब्रश पेन्सिलीसारखा, जरा खरखरीत घे. पदराची रेषा एका दमात, खांद्यापासून हात फिरवून जाऊ दे. चुकली तर तीच दुरुस्त करत बसू नकोस, शेजारून दुसरी काढ. काही ठिकाणी रेषा तुटू दे. उजेड पडलेल्या गालाला रेष नसली तरी बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. जिथे वजन आहे, म्हणजे मांडीखाली, टोपलीच्या बुडाशी, तिथे जाड कर. दाब मिळत नसेल तर जाडसर ब्रशने तेवढ्याच जागा पुन्हा काढ. आणि कधीकधी कच्चं चित्रच थोडं खोडून साफ केलं की तीच तुझी लाइन आर्ट. दुसरी लागतच नाही.

सरावासाठी एखाद्या रविवारी मिरजेला जा. सतारी करणाऱ्यांच्या दुकानासमोर परवानगी घेऊन बस, वही-पेन्सिल घेऊनच. सतारीचा भोपळा एकाच रेषेत काढायचा. पहिले वीस बटाट्यासारखे येतील, येऊ देत. कारागिराचे हात तर थांबतच नाहीत, त्यामुळे गिरवायची सोयच नाही.

आता रंग. तू सावलीसाठी काळा वापरलास आणि एअरब्रशने सगळं मऊ केलंस, म्हणून आजी प्लॅस्टिकची दिसते. चारच रंग घे, आणि तेही आपल्याकडचे : हळदीचा पिवळा, पावसाळ्यातल्या कृष्णेचा गढूळ तांबूस, घाटाच्या दगडाचा निळसर काळा, आणि मेथीचा हिरवा. रेषेच्या लेयरखाली ते सपाट भर. कडेला थोडे बाहेर गेले, कुठे पांढरं राहिलं, तरी चालतं. मोकळ्या रेषेला ते शोभतं. त्यावर क्लिपिंग करून (म्हणजे खालच्या रंगाबाहेर काही जात नाही) एकच लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडमध्ये, घे, फिकट जांभळट रंगाने फक्त सावली टाक, आणि थांब. शेवटी रेषेच्या लेयरला अल्फा लॉक लावून (म्हणजे रंग फक्त काढलेल्या रेषांवरच चढतो) काळ्याचा गडद तपकिरी कर. आजीच्या चेहऱ्यावर फरक बघ.

सपाट रंगावर किती काम होतं ते बघायचं असेल तर हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं शोध. त्यांची रेषा मोकळी नाही, फार नेटकी आहे, पण रंगाचा संयम तिथे शिकावा. आणि सवड काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात जा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते 1938 साली उभारलं. तिथे रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांसमोर डोळे किलकिले करून उभी राहा. उजळ, मधला आणि गडद असे तीनच पट्टे उरतात. तुझं चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून तेच तपास. आजीची साडी आणि मागची भिंत एकाच करड्या रंगात मिसळतात, चित्र तिथेच फसलं आहे.

एक माझ्या अंगाशी आलेली गोष्ट. एका मंडळाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ मी हौसेने छोट्या कॅनव्हासवर केलं. छापून आलं तेव्हा कडा फुटलेल्या, आणि स्क्रीनवर चमकणारा पोपटी शेवाळासारखा झालेला. छापायचं असेल तर ए-फोरला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, हे सुरुवातीलाच ठरव.

करिअरचं. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, स्टोरीबोर्ड, अॅनिमेशन, गेम, जाहिरात, सगळीकडे हे काम आहे. पहिली काही वर्षं पैसे बेताचे मिळतात, हे पप्पांना आत्ताच सांगून ठेव. कॉमर्स आड येत नाही. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, कुठल्याही शाखेची बारावी चालते, कोर्स चार वर्षांचा. त्यासाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, डिझाइन, ऑब्जेक्ट ड्रॉइंग आणि मेमरी ड्रॉइंग असे प्रात्यक्षिक पेपर असतात, शिवाय सामान्यज्ञान. प्रात्यक्षिकं कागदावर, हाताने. तिथे ना अनडू, ना झूम. मेमरी ड्रॉइंगला एसटी स्टँड किंवा बाजार असा प्रसंग माणसांसकट ठरलेल्या वेळात उभा करायचा असतो. तुझ्या कच्च्या चित्रातला हात तिथे सोन्यासारखा उपयोगी पडेल, पक्क्यातला नाही.

म्हणून पप्पांना माझा निरोप : आयपॅड आत्ता नको. घरी कॉम्प्युटर असेल तर काही हजारांत मिळणारा, स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट घ्या. त्याला दाब कळतो, आणि क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॉम्प्युटर नसेल तर तूर्त मोबाईल आणि जाड कागदाच्या दोन वह्या. आयपॅडचं सीईटीच्या निकालानंतर बघू.

आजीचं चित्र पुन्हा कर आणि पाठव. या वेळी कच्चा लेयर मिटवू नकोस, मला तोही बघायचाय.