डेकूपाजचं चित्र दारावर स्टिकरसारखं दिसतं, ते खरं कसं वाटेल?

तुम्ही लिहिलंय, की कपाटाच्या दारावर फुलापानांची चित्रं कापून चिकटवली (यालाच डेकूपाज म्हणतात), वार्निशही मारलं, तरी ती स्टिकरसारखी दिसतात. कात्रीकाम चांगलंच असणार, कमी आहे ती सावलीची.

छापील चित्रात उजेड आधीच एका बाजूने आलेला असतो. तो तुमच्या खिडकीच्या बाजूशी जुळेल अशीच चित्रं निवडा. माझ्या पहिल्या पेटीवर मी हे पाहिलं नव्हतं आणि कितीही रंगवलं तरी ती खोटीच दिसत राहिली.

कागद चिकटवून वाळला की वार्निशचा एक हात द्या आणि सावली त्यावर रंगवा, म्हणजे चुकली तर ओल्या फडक्याने लगेच पुसता येते. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, घालून अ‍ॅक्रिलिक रंग अगदी पातळ करा. काळा नको, त्याने भोक पडल्यासारखं दिसतं. पाकळी दाराला टेकते तिथे सावली गडद आणि रेखीव, ती उचललेली आहे तिथे सावली थोडी लांब सरकलेली, फिकट, कडा पुसट. एवढ्याने फूल दारावरून सुटं होतं!

चित्रात दाखवलेली खोली मात्र उथळच ठेवा. आपण दोन डोळ्यांनी, चालता चालता पाहतो, त्यामुळे दारावर लांबलचक बोळ रंगवला तर दोन पावलांत फसवणूक उघडी पडते. इटलीत उर्बिनोच्या राजवाड्यातल्या अभ्यासिकेत 1470च्या दशकात लाकडाच्या जडावकामात अर्धवट उघडी जाळीदार कपाटं दाखवली आहेत, पण आतली खोली फळीवर पुस्तक मावेल इतकीच. तुमच्या दाराला खिळ्यावरची किल्ली किंवा फितीत खोचलेलं पत्र शोभेल.

राहिली कागदाची कड. ती उजेडात चमकते, स्वतःची बारीक सावली पाडते आणि रंगवलेल्या सावलीला खोटं पाडते. अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर पूर्वेकडच्या महागड्या लाखकामाची नक्कल करताना रंगवलेली छापचित्रं फर्निचरवर चिकटवून वार्निशचे थरावर थर चढवत. आजही उपाय तोच आहे. मी पंधरा-वीस पातळ थर देतो. कागद पुरता बुडेपर्यंत काचपेपर लावत नाही, नाहीतर छपाईच खरवडली जाते. इंकजेटची प्रिंट असेल तर आधी सीलर, म्हणजे शाई धरून ठेवणारा थर, मारा, नाहीतर शाई पसरते.

शेवटचा हात मॅट वार्निशचा द्या. चकचकीत वार्निशात समोरची खिडकी दिसते आणि नजर चित्रावर न राहता त्या प्रतिबिंबावर जाते.