ज्वारी पोचते, माया पोचत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या लिहितात: 'दीर वारल्यापासून धाकट्या जावेला दर महिन्याला दोन पायल्या ज्वारी आणि पोराची फी देते. अनाथ-विधवांचा समाचार घ्या, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे म्हणून. रविवारची उपासना, दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला, काही चुकवत नाही. पण ती दारातूनच "ठेवा तिथं" म्हणते, वर पाहतसुद्धा नाही. मलाही तिच्याबद्दल आतून काही वाटत नाही. ही ख्रिस्ताची प्रीती की नुसता नियम?'

ताई, ज्वारी देणं थांबवू नका. माया दाटून येण्याची वाट पाहत बसला असता, तर ते लेकरू उपाशी राहिलं असतं.

पण तुमच्या पत्रातल्या दोन ओळींपाशी मी अडले. दिलेलं सगळं तुम्ही तारखेनिशी वहीत लिहिता. प्रीती अपकार स्मरत नाही, हे तुम्हाला पाठ असेलच. तुम्ही उपकार स्मरताय! जावेनं ती वही पाहिली नसेल, पण तुमच्या पावलांवरून तिला ती कळत असणार.

दुसरी ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. वाटणीत दिराच्या नावावर आलेलं तीन एकर आता तुमचे यजमान वाहतात. मक्ता किती देता? सातबाऱ्यावर तिचं आणि पोराचं नाव चढलंय का? यावर पत्रात अवाक्षर नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेचा, उरलेला लेकरांचा. म्हणजे त्या तीन एकरांत तुमच्या घराचं काहीच नाही. तिथल्या कापसाचा, तुरीचा पैसा तुमच्याकडे येत असेल, तर दोन पायल्यांना दान कसं म्हणायचं? पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देणाऱ्यांना येशूनं याचसाठी फटकारलं होतं, की न्याय आणि दया तेवढी राहून गेली.

आता मायेचं. तुम्ही कायम देणाऱ्या आणि ती कायम घेणारी. अशानं कुणाची मान वर होईल? यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडे येशूनं आधी पाणी मागितलं. विहीर खोल, जवळ पोहरा नाही, अशा अवस्थेत. तुम्हीही काही मागा. उन्हाळ्यात कुरडया घालायला तिला बोलवा, तिच्या हातचं अंबाडीचं शरबत मागून प्या. तिनं नाही म्हटलं तर तोंड वाकडं न करता परत या. माझं म्हणाल तर एखाद्या दिवशी पिशवी न घेता नुसतं जाऊन बसा. दिराची आठवण काढा. तीन वर्षांत त्याचं नाव तुम्ही दोघींनी एकमेकींसमोर काढलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

मात्र आधी तलाठ्याकडे जा. मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज करा आणि अर्जदार म्हणून सही तिची असू द्या. यजमान 'आता कशाला' म्हणतील. त्यांना हे पत्र वाचायला द्या.